पाण्याचं विरजण

आमच्या घरातली माशांची पहिली टाकी मी स्वच्छतेच्या हौसेपायी घालवली. दोन फुटांची काचेची टाकी, चार मॉली, सहा गप्पी आणि एक एंजल. एका रविवारी फिल्टरमधला स्पंज बाहेर काढला तर त्यावर चहाच्या गाळासारखा तपकिरी, बुळबुळीत थर. किळस आली. नळाखाली धरून नितळ पाणी येईपर्यंत पिळून पिळून तो धुतला. तळाची वाळूही तांदूळ धुवावेत तशी चार पाण्यांतून काढली. मंगळवारी संध्याकाळी एंजल पर मिटून कोपऱ्यात उभा. बुधवारी सकाळी सगळे मासे वर येऊन पाण्याच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होते. पाणी मात्र असं नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता यावं.

दुकानदाराला फोन केला. त्यांनी एकच विचारलं, "ताई, स्पंज नळाखाली धुतला ना?"

त्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला बरंच वाचावं लागलं. आणि कळल्यापासून मासे जरा बाजूला राहिले आणि मी स्पंजाच्याच प्रेमात पडले.

मासा ज्या कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यांच्यातूनच अहोरात्र अमोनिया बाहेर टाकत असतो. खाऊन उरलेले दाणे, विष्ठा, कुजलेलं पान, सगळ्याचा शेवटी अमोनियाच होतो. आपल्याही अंगात तो तयार होतो, पण यकृत त्याचा लगेच युरिया करून टाकतं. माशाने ही भानगड ठेवलेली नाही. भोवती अख्खी नदी असताना कशाला ठेवावी? आपण मात्र त्याची नदी पन्नास लिटरांवर आणून ठेवलेली असते.

मग टाकीतले मासे रोज का मरत नाहीत? तर त्या बुळबुळीत थरामुळे. त्यात काही जीवाणू असतात, त्यांचं अन्नच अमोनिया. प्राणवायूच्या मदतीने ते अमोनियाचं नायट्राइट करतात, त्यातून मिळालेल्या ऊर्जेवर जगतात आणि अंग वाढवायला लागणारा कार्बन पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. थोडक्यात, उन्हाऐवजी अमोनियावर चालणारी झाडंच म्हणा, तीही काळोख्या फिल्टरच्या डब्यात वाढणारी. नायट्राइट हेही विषच. माशाच्या रक्तात शिरलं की ते हिमोग्लोबिन बिघडवतं, रक्त तपकिरी पडतं, आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. पण थरात दुसरी एक जमात नायट्राइटवरच टपून बसलेली असते. ती त्याचं नायट्रेट करते, आणि नायट्रेट मासे बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसतात.

मी नळाखाली धुऊन काढली ती ही वस्ती. बरीचशी पिळण्यात गेली, आणि उरलेल्यांशी गाठ पडली नळाच्या क्लोरीनची. पाण्यात क्लोरीन घालतात तो मुळी जीवाणू मारायलाच, त्याला माझ्या स्पंजातले भले जीव कसे ओळखू यावेत?

हे नायट्रेट आपल्याला अनोळखी नाही. जुन्या गोठ्यांच्या भिंतींना, उकिरड्याच्या मातीला जो सोरा धरायचा, ज्यातून बंदुकीची दारू बनायची, तो नायट्रेटचाच क्षार. शेणामुतातल्या अमोनियावर मातीतल्या अशाच जीवाणूंनी केलेली करामत. पण हे काम जिवंत कुणीतरी करतं, हे १८७७ पर्यंत सिद्ध झालेलं नव्हतं. त्या वर्षी फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ या शास्त्रज्ञांनी वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपत ठेवलं. काही दिवसांनी खालून नायट्रेट येऊ लागलं. वाळूला क्लोरोफॉर्म दिला, तर नायट्रेट बंद. म्हणजे वाळूत कुणीतरी जिवंत होतं आणि ते आता गप्प झालं होतं.

इथे एका बापलेकाची गोष्ट सांगायलाच हवी. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये निबंध वाचला. काचेच्या टाकीत गोल्डफिश, पाणवनस्पती आणि कुजकं खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या, तर पाणी न बदलता सगळे जगतात, असं त्याने दाखवलं होतं. घरातल्या टाकीचा शौक तिथून पसरला. झाड प्राणवायू देतं आणि गोगलगाय सफाई करते, असा त्याचा हिशेब. त्याच टाकीत खपणारी तिसरी मंडळी त्याला दिसणं शक्य नव्हतं. त्याचा मुलगा, नावाने तोही रॉबर्ट वॉरिंग्टन, पुढे रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात मातीतल्या नायट्रेटच्या मागे लागला, आणि हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात, हे त्याने दाखवलं. बापाच्या टाकीतलं न दिसलेलं पात्र लेकाला मातीत सापडलं. ते जीव वेगळे काढून वाढवण्याचं श्रेय मात्र १८९० मध्ये विनोग्राडस्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने नेलं.

पुढची सव्वाशे वर्षं पुस्तकं दोन टप्पे, दोन कामगार असंच सांगत राहिली. मग २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना दोन्ही कामं एकट्याने करणारा जीवाणू सापडला. कुठे? मत्स्यपालनाच्या टाकीला जोडलेल्या फिल्टरमध्ये!

या जीवाणूंची एकच अडचण आहे, ते फार सावकाश वाढतात. दुधात विरजण लावलं की सकाळी दही तयार. इथे मात्र संख्या दुप्पट व्हायला दिवसाच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त वेळ जातो. म्हणून नव्या टाकीचं पाणी लागायला चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, तो उतरतो तेव्हा नायट्राइट चढतं, ते उतरलं की टाकी तयार. 'टाकी आणली त्याच दिवशी दहा मासे सोडले आणि आठवड्यात सगळे गेले' ही घरोघरची कहाणी इथे घडते. त्यावर उपायही विरजणाचाच. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या स्पंजाचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये घाला. शेजारून वाटीभर विरजण आणतो, तसाच. मासे नंतर दोन-दोन करून सोडायचे. घाई नडून नायट्राइट चढलंच, तर थोडं पाणी बदलावं आणि चिमूटभर जाडं मीठ टाकावं. मिठातला क्लोराइड आणि नायट्राइट कल्ल्यांच्या एकाच दाराने आत जातात. दाराशी क्लोराइडची गर्दी झाली की नायट्राइटला आत शिरायला वाव उरत नाही. ही युक्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून हसत बसले होते.

पाण्याचा सामू, म्हणजे pH, हे याहून चकवणारं प्रकरण. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक विखारी, दुसरं जवळपास निरुपद्रवी. पंचवीस अंश तापमानाला सामू ७ असेल तर विखारी रूप हजारात सहाच्या आसपास. सामू ८ झाला की तेच पन्नासच्या वर. आता जीवाणू काम करताना आम्ल तयार करतात, त्यामुळे महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा सामू हळूहळू उतरत जातो. फार उतरला की जीवाणूच सुस्तावतात आणि अमोनिया साठतो, पण निरुपद्रवी रूपात. मासे बरे दिसतात. मग मालकाला जाग येते आणि तो बोअरवेलचं दुष्फेन पाणी बादल्या भरभरून ओततो. सामू वर उडी मारतो, झोपलेलं विष जागं होतं. 'पाणी बदललं आणि मासे मेले' यातलं कोडं बहुतेकदा हेच. म्हणून दर आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावं, एकदम सगळं कधीच नाही. नव्या पाण्यात अँटिक्लोरीनचे थेंब आधी घालावेत. ते थेंब बहुधा सोडियम थायोसल्फेटचे असतात, म्हणजे जुने फोटोग्राफर डार्करूममध्ये वापरायचे तोच हायपो.

मे महिन्यात आणखी एक अडचण. वीस अंशांच्या पाण्यात लिटरला नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. लिटरभर हवेत अडीचशेच्या वर असतो, म्हणजे मासा मुळातच काटकसरीत जगतो. त्यात जीवाणूही त्याच प्राणवायूचे भागीदार. एअर पंपचे बुडबुडे दिसायला छान, पण खरं काम ते वर येऊन पाण्याचा पृष्ठभाग ढवळतात तेव्हा होतं.

रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके माशाच्या अंगावर उठले, की लोक निळं औषध घालतात, ठिपके गेले की थांबवतात, आणि आठवड्याने ते दुपटीने येतात. कारण ठिपक्यातला परजीवी माशाच्या कातडीखाली असतो, तिथे औषध पोचत नाही. तो गळून तळाशी जातो, एकाचे शेकडो होतात, आणि ती पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते याच पोहत्या पिल्लांवर. म्हणजे ठिपके दिसेनासे होतात तेव्हा औषधाची खरी गरज सुरू होते. जोम ओसरलेल्या माशाला हा रोग आधी गाठतो, आणि जोम ओसरण्याचं कारण अनेकदा पाण्यातच सापडतं.

आता माझा रविवार असा असतो. नळीने टाकीतलं दहा लिटर पाणी बादलीत ओढून घ्यायचं, स्पंज त्याच पाण्यात दोनदा हलका दाबायचा आणि तपकिरीच परत ठेवायचा. बादलीतलं पाणी मोरीत ओतू नका. कुंड्यांना घाला, त्यात सोरा आहे.