संत्र्याचं श्वसन: समज आणि वस्तुस्थिती

वरूडला ‘विदर्भाचं कॅलिफोर्निया’ म्हणतात ते संत्र्यामुळे. इथे बागेतली झाडं पिवळी पडली, ट्रकमधला माल गरम झाला किंवा लेप दिलेल्या फळाला आंबूस वास आला, की दोष पावसावर, ड्रायव्हरवर नाहीतर व्यापाऱ्यावर जातो. या तिन्ही तक्रारी एका क्रियेशी जोडलेल्या आहेत, ती म्हणजे पेशींचं श्वसन. तिच्याबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १: ऊर्जा ऑक्सिजनमधून मिळते, तो नसला की पेशीचं काम तिथेच थांबतं.

वस्तुस्थिती: ऊर्जा असते अन्नात. ग्लुकोजचा एक रेणू फुटून पायरुवेटचे दोन रेणू होतात आणि पेशीच्या हाती एटीपीचे, म्हणजे ती कामाला वापरते त्या ऊर्जावाहक रेणूचे, २ रेणू उरतात. या पहिल्या टप्प्याला ऑक्सिजन लागत नाही. पुढचं काम पेशीतल्या तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) चालतं. तिथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन स्वीकारतो आणि पाणी तयार होतं. असं पूर्ण ज्वलन झालं तर एका ग्लुकोजमागे साधारण ३० ते ३२ एटीपी मिळतात. पाठ्यपुस्तकांतले ३६ किंवा ३८ हे आकडे जुन्या हिशोबाचे. ऑक्सिजन नसेल तर पेशी पहिल्या टप्प्यावरच तगून राहते, पण पायरुवेटचं काहीतरी करावंच लागतं. वनस्पती त्याचं मुख्यतः अल्कोहोल करतात, आपले स्नायू लॅक्टेट. हे एटीपी शोधणाऱ्यांत एक भारतीय होते. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी १९२९ साली ते वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनाही ते सापडलं.

गैरसमज २: दिवसभर कॅरेट उचलले की दुसऱ्या दिवशी अंग दुखतं, ते साचलेल्या लॅक्टिक आम्लामुळे.

वस्तुस्थिती: जोराच्या कामात तयार झालेलं लॅक्टेट विश्रांती मिळाल्यावर साधारण तासा-दोन तासांत निवळतं. काही भाग हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून वापरतात, काही यकृतात जाऊन पुन्हा ग्लुकोज होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांचं असतं. आणि लॅक्टेट फक्त थकल्यावरच बनतं असंही नाही. लाल रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यामुळे अंगावर ऑक्सिजन वाहूनही त्या स्वतः कायम ऑक्सिजनविनाच ऊर्जा मिळवतात आणि लॅक्टेट बनवतात.

गैरसमज ३: झाडं फक्त रात्री श्वसन करतात आणि तोडलेलं फळ तर निर्जीवच.

वस्तुस्थिती: श्वसन चोवीस तास चालतं. दिवसा प्रकाशसंश्लेषण त्याहून जास्त असतं, म्हणून ते लक्षात येत नाही. तोडलेल्या संत्र्याच्या पेशीही जिवंत असतात. त्या ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि उष्णता बाहेर टाकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त होतो. दाबून भरलेला ट्रक सावलीत उभा असला तरी आतून तापतो तो यामुळेच. म्हणून माल सकाळी थंड वेळेत तोडायचा आणि कॅरेटमधून वारा खेळता ठेवायचा.

गैरसमज ४: तोडून ठेवलं की संत्रं गोड होतं.

वस्तुस्थिती: आंबा आणि केळ्यात स्टार्चचा साठा असतो, तोडल्यावर त्याची साखर होते. संत्र्यात असा साठा नाही. ठेवल्यावर ते गोड लागतं, कारण आंबटपणा कमी होतो. फळातलं सायट्रिक आम्ल श्वसनात खर्च होतं. हान्स क्रेब्स यांनी १९३७ मध्ये मांडलेलं सायट्रिक आम्ल चक्र याच आम्लाच्या नावाने ओळखलं जातं. आंबट गेलं म्हणून साखर वाढली असं नाही. कच्चं तोडलेलं फळ घरी पिवळं होईल, पण झाडावर भरते तशी गोडी त्यात येणार नाही.

गैरसमज ५: मेणाचा लेप जितका जाड, तितकं फळ टिकतं.

वस्तुस्थिती: पातळ लेपामुळे पाणी कमी उडतं आणि फळ सुकत नाही. जाड लेप हवाच अडवतो. मग आतल्या पेशी ऑक्सिजनविना चालणाऱ्या मार्गावर जातात, अल्कोहोल आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं, आणि वरून चकचकीत दिसणाऱ्या फळाची चव बिघडते. संत्र्यात हा दोष मोसंबीपेक्षा लवकर दिसतो. बिनभोकाच्या प्लास्टिक पिशवीतही हेच होतं.

गैरसमज ६: पावसाळ्यात पानं पिवळी पडली, म्हणजे युरिया कमी पडला.

वस्तुस्थिती: आधी बुंध्याशी पाणी साचलं आहे का ते पाहा. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. भारी काळी जमीन तुडुंब झाली की एक-दोन दिवसांत मुळांजवळचा ऑक्सिजन संपू शकतो. मुळांना मातीतली अन्नद्रव्यं ओढायला एटीपी लागतं आणि ऑक्सिजनविना मिळणाऱ्या २ एटीपीवर ते भागत नाही. म्हणून नत्र मातीत असूनही झाडाला मिळत नाही, आणि पाण्यात उभं झाड कधी सुकल्यासारखंही दिसतं. भंडारा-गोंदियाचं धान पाण्यात टिकतं, कारण त्याच्या अंगातल्या हवेच्या पोकळ्या मुळांपर्यंत पोचतात. संत्र्याला ती सोय नाही. त्यात साचलेल्या पाण्यात डिंक्या रोगाची फायटोप्थोरा बुरशी झपाट्याने पसरते आणि आंबिया बहाराच्या फळगळीत भर पडते.

वरूड-मोर्शीत भूजल खोल गेल्यामुळे उन्हाळ्यात सगळं लक्ष पाण्यावर असतं. पावसाळ्यात तेवढंच लक्ष मुळांच्या हवेवर हवं. उताराच्या दिशेने चर मृगाआधीच काढावेत, बुंधा उंचावर ठेवावा, आणि खताची गोणी फोडण्याआधी साचलेलं पाणी बाहेर काढावं.