पार्ट बदलण्याआधी मीटर लावा



टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप उभी आहे, बाजार पहाटेचा आहे आणि चावी फिरवावी तर बोर्डावर चार दिवे लागून गाडी गप्प! नव्या गाड्यांचे हे दुखणे आता गावोगावी ओळखीचे झाले आहे.

जुन्या जीपचा डिझेल पंप यांत्रिक होता. बॅटरी उतरली तरी ढकलून ती चालू व्हायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. या गाड्यांत डिझेल किती सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. त्याला खबर देतात सेन्सर. अनेक सेन्सर अवघ्या ५ व्होल्टवर चालतात. म्हणून कनेक्टरमध्ये थोडा गंज चढला तरी खबर चुकते आणि इंजिनाचा जोर जातो.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावतात, कोड निघतो आणि त्या नावाचा सेन्सर बदलतात. दोन दिवसांनी दिवा पुन्हा हजर! असे का होते? कोड बहुधा अमुक सर्किटमध्ये गडबड आहे एवढेच सांगतो. सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर आणि अर्थ हे सगळे मिळून. पान पिवळे दिसले म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही, आधी मुळाशी पाणी साचले का ते बघतो. इथेही तसेच करावे.

साधे डिजिटल मीटर घ्या आणि या क्रमाने तपासा :

१) बॅटरी : रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२ च्या खाली म्हणजे बॅटरी उतरली. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. बॅटरी कमजोर असली की अनेक खोटे कोड एकदम निघतात.

२) अर्थ : मीटरची एक पिन बॅटरीच्या वजा टोकाला, दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थची पट्टी सोडवून, घासून, घट्ट बसवा.

३) फ्यूज : लाल १०, निळा १५, पिवळा २० अँपिअरचा. जळालेल्या जागी तार किंवा मोठा फ्यूज घालू नका, वायरिंग पेटेल.

४) वायरिंग : उंदरांनी कुरतडले आहे का, कनेक्टरमध्ये पाणी किंवा हिरवा गंज आहे का, ते पाहा.

काही दोष गाडी गॅरेजमध्ये गेली की लपून बसतात, बरं का! म्हणून दोष केव्हा दिसतो ते वहीत टिपा : पावसात, खड्ड्यात, की इंजिन तापल्यावर? मिस्त्रीला त्याचा मोठा उपयोग होतो.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढू नका. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा. बोनेटखाली जोराचे पाणी मारू नका. एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना घरी हात लावू नका.

कोड पुसण्याआधी लिहून घ्या. आणि मिस्त्रीने महागडा पार्ट सांगितला तर एकच विचारा : “मोजून काय निघालं?”