कुलूपबंद ग्रंथांचा हिशेब

अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ साली घेतलेल्या ग्रंथांपैकी सुमारे ४० टक्के ग्रंथ १९७५ अखेरपर्यंत एकदाही देवघेवीत आले नाहीत. ॲलन केंट यांच्या १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा हा निष्कर्ष. ग्रंथ वापरासाठी आहेत, हा एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला पहिला नियम. आपल्याकडे अनेक महाविद्यालये दाखल नोंदवहीतला आकडा अभिमानाने सांगतात. देवघेवीचा आकडा कुणी विचारत नाही. कपाटांना कुलूप घालायचे आणि वर मुले वाचत नाहीत म्हणायचे, हा कुठला न्याय? ज्याच्या घरी पुस्तक विकत घ्यायला पैसा नाही, त्याचे नुकसान सर्वांत मोठे. म्हणून आम्ही म्हणतो, कपाटे खुली करा आणि देवघेवीचा आकडा दरवर्षी फलकावर लावा. ‘शिका’ म्हणणाऱ्या चळवळीने हा हिशेब मागितलाच पाहिजे.