जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वी...

संगणक सुरू होण्यास पाच-पाच मिनिटे लागू लागली, की घरात नवा घेण्याची चर्चा सुरू होते. विक्रेत्याचा सल्लाही बहुधा तोच असतो. प्रत्यक्षात दोष अनेकदा प्रोसेसरचा नसून फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असली, तरी हवी ती माहिती शोधण्यासाठी तिच्यावरील हेडला सतत जागा बदलावी लागते. एसएसडीमध्ये हलणारा भागच नसल्याने हा विलंब जवळपास नाहीसा होतो. अडीच इंची साटा एसएसडी बहुतेक जुन्या यंत्रांत बसते. रॅम ४ जीबी असल्यास ती ८ जीबी करून घ्यावी. मात्र डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी सोबत नेलेली बरी.

हा खर्च करण्यापूर्वी प्रोसेसरची पिढी पाहणे आवश्यक आहे. विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा वा त्यापुढील प्रोसेसर लागतो. तो नसल्यास लिनक्स मिंटसारख्या मोफत प्रणालीचा विचार करावा. अद्यतनांविना नेटबँकिंग करीत राहणे धोक्याचे.

डिस्क बदलण्याआधी छायाचित्रे व कागदपत्रे बाह्य डिस्कवर उतरवावीत आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावीत. दुकानदाराने ‘सगळे कॉपी झाले’ असे सांगितले, तरीही. जुनी डिस्क दुकानात सोडू नये. केवळ ‘क्विक फॉरमॅट’ केल्याने तिच्यातील मजकूर पुसला जात नाही.