एच-इंडेक्स ११... आणि मालक चक्क बोका!

एखाद्या संशोधक डॉक्टरांची ओळख करून देताना 'पेपर्स इतके, सायटेशन्स तितकी' असं ऐकलं की आपण आदराने मान डोलावतो. पण या आकड्यांच्या पोटात किती गमती दडल्यात, माहीत आहे का? चला, पडदा वर!

आधी नियम. दुसऱ्या संशोधकाने आपल्या पेपरमध्ये तुमच्या पेपरचा हवाला दिला की तुमच्या खात्यात एक सायटेशन जमा. जितकी सायटेशन्स, तितका भाव.

मग आजवर सगळ्यात जास्त भाव कुणी खाल्ला? कॅन्सर? पेनिसिलिन? डीएनए? छे हो! अमेरिकेतल्या सेंट लुइसचे ऑलिव्हर लॉरी आणि मंडळींचा १९५१चा पेपर. विषय काय, तर नमुन्यात प्रथिनं किती, हे निळ्या रंगावरून मोजायची कृती. रंग गडद, प्रथिनं जास्त. संपलं! 'नेचर'ने २०१४ मध्ये टॉप हंड्रेड यादी काढली, तेव्हा याची सायटेशन्स होती ३ लाखांच्या वर.

आणि वॉटसन-क्रिकचा डीएनएवाला पेपर? पहिल्या शंभरात नाहीच! तोंडपाठ झालेल्या शोधाचा हवाला कोण देत बसतो? रेसिपी मात्र रोज लागते.

गंमत पुढेच आहे. लॉरींची ही पद्धत अर्ल सदरलँड हे संशोधक वापरत होते. हवाला द्यायला काहीतरी छापील हवं, म्हणून ते लॉरींच्या मागे लागले, तेव्हा कुठे पेपर लिहिला गेला. मागे लागणाऱ्याला १९७१चं नोबेल मिळालं. लिहिणाऱ्याला? नाही! लॉरी स्वतःच म्हणायचे, पेपर काही फार ग्रेट नाही. (मनातल्या मनात खूश होते, हेही कबूल करायचे.)

आता एच-इंडेक्स. २००५ मध्ये ही पट्टी आणली होर्हे हर्श यांनी, आणि ते डॉक्टर नव्हेत, फिजिक्सवाले. तुमच्या ११ पेपर्सना प्रत्येकी किमान ११ सायटेशन्स असतील, तर तुमचा एच-इंडेक्स ११.

नेमका हाच स्कोअर २०२४ मध्ये लॅरीने केला. लॅरी म्हणजे एका संशोधकाच्या आजीचा बोका! दोघा पठ्ठ्यांनी निरर्थक पेपर्स बनवून गूगल स्कॉलरला चकवलं आणि १३२ सायटेशन्स लॅरीच्या पदरात टाकली. पैसे मोजून सायटेशन्स वाढवणाऱ्यांचं पितळ उघडं पाडायला केलेली ही म्याँव-करामत.

कुत्रे मागे राहतील होय? इम्युनॉलॉजिस्ट पॉली मॅट्झिंगर यांनी १९७८च्या पेपरवर सहलेखिका म्हणून गॅलाड्रिएल मर्कवुड असं भारदस्त नाव टाकलं. ही त्यांची अफगाण हाउंड कुत्री!

माणसांची गर्दी हवी? शस्त्रक्रियेआधीच्या कोविड लसीकरणावरच्या २०२१च्या एका पेपरला लेखक होते १५,०२५! गिनेस रेकॉर्ड. नुसती नावं वाचतानाच भूल चढावी.

माहीत आहे का, 'डायबेटिस केअर' या नियतकालिकात १९९४ साली रक्तातल्या साखरेच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायचं 'नवं' मॉडेल छापून आलं? नीट पाहिलं तर समलंब चौकोनांची बेरीज! प्राचीन बॅबिलोनमध्ये गुरू ग्रहाचं गणित असंच मांडत. तरी पेपरला शेकड्यांनी सायटेशन्स.

आणि पेपर्सचा नुसता ढीग रचायचा, तर जपानचे भूलतज्ज्ञ योशिताका फुजी आहेतच. २०१२च्या चौकशीत त्यांचे १७२ पेपर्स बनावट निघाले.

आता जरा ब्रेक लावू. कोलकात्याचे शंभूनाथ डे. कॉलरात शरीरातलं पाणी आतड्यात खेचून काढतं ते जंतूंनी सोडलेलं विष, हे त्यांनी सशांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. १९५९ साली 'नेचर'मध्ये छापून आलं, आणि सुरुवातीला कुणी ढुंकून पाहिलं नाही. पुढे नोबेलविजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं. सायटेशन मोजायचा धंदा ज्यांनी सुरू केला, त्या यूजीन गारफिल्ड यांनी १९८६ मध्ये डेंवर भरभरून लिहिलं. डे १९८५ मध्येच गेले होते. माझ्या मते या पानावरचं सगळ्यात वजनदार नाव हेच.

आणि जाता जाता, शून्य शब्दांचा पेपर! १९७४ मध्ये डेनिस अप्पर या मानसशास्त्रज्ञाने आपल्याला काही लिहायलाच सुचत नाही, या विकारावरच्या स्वतःच्या फसलेल्या उपचारांचा अहवाल धाडला. मजकुराच्या जागी कोरं पान. परीक्षकही बिलंदर! लिंबाचा रस लावून पाहिला, एक्स-रे काढले, तरी एकही चूक सापडेना. शेरा मारला, आहे तसाच छापा.