जुगराफिया येतो, भूगोल अडतो

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलामुलींकडून भूगोलाविषयी दोनच वाक्ये ऐकायला मिळतात. "सर, हा पाठांतराचा विषय आहे," हे एक. आणि "शेवटच्या महिन्यात उरकून टाकू," हे दुसरे. इतकी वर्षे वर्गात खडू धरल्यानंतरही आम्हाला यातले एकही पटलेले नाही.

राज्यसेवा पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात १०० प्रश्न आणि २०० गुण असतात. त्यात महाराष्ट्राचा, भारताचा आणि जगाचा भूगोल हा एक घटक आहे. पर्यावरण, जैवविविधता आणि हवामान बदल हा दुसरा. तलाठी, पोलीस भरती, संयुक्त परीक्षा यांतही हा विषय या ना त्या रूपाने येतोच. आयोगाच्या परीक्षांत चार उत्तरे चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. त्यामुळे अर्धवट पाठ केलेले नाव मदत तर करत नाहीच, उलट घात करते.

आमची एक माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे पदवी. परीक्षेसाठी घरून एक वर्ष मिळालेले, त्यानंतर निकाह असे ठरलेले. संयुक्त पूर्वपरीक्षेत ती दीड गुणाने राहिली. उत्तरतालिका आल्यावर प्रश्नपत्रिका घेऊन ती आमच्याकडे आली. भूगोलाचे सहा प्रश्न तिने कोरे सोडले होते. आम्ही तेच सहा प्रश्न तिला उर्दूतून तोंडी विचारले. चार तिने तिथल्या तिथे सांगितले. म्हणजे पोरीला जुगराफिया येत होता, भूगोल अडला होता. प्रश्नपत्रिका मराठीत आणि इंग्रजीत. मराठी शब्द अनोळखी, इंग्रजीही तेवढाच परका, आणि गुण कापले जाण्याची भीती. तिने प्रश्न सोडून दिले.

आम्ही तिच्या अब्बांना भेटलो. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. प्रश्नपत्रिका समोर ठेवून त्यांना एवढेच सांगितले, की मुलीला जे येते त्याचे गुण तिला मिळाले नाहीत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आणखी एक साल घेऊ द्या."

त्या वर्षी पहिले काम गाईड आणण्याचे नव्हते, वही करण्याचे होते. डाव्या बाजूला उर्दू शब्द, उजव्या बाजूला मराठी. अर्जुल बलद म्हणजे अक्षांश, तूलुल बलद म्हणजे रेखांश. सतहे मुर्तफा म्हणजे पठार. जजीरा म्हणजे बेट (मुरुडचा जंजिरा डोळ्यांसमोर आणा, विसरणार नाही) आणि जजीरानुमा म्हणजे द्वीपकल्प. आबनाये म्हणजे सामुद्रधुनी, खाकनाये म्हणजे संयोगभूमी. या शेवटच्या जोडीत उर्दूचा फायदाच होतो: आब म्हणजे पाणी, खाक म्हणजे माती. दोन समुद्रांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी कोणती आणि दोन भूभागांना जोडणारी जमिनीची कोणती, हा घोळ मराठी माध्यमाच्या मुलांचाही होतो. आपल्या मुलांचा व्हायचे कारण नाही. खत्ते सरतान म्हणजे कर्कवृत्त. सरतान म्हणजे खेकडा आणि कर्क म्हणजेही खेकडाच. खत्ते जदीचे मात्र तसे नाही, जदी म्हणजे बोकड आणि मराठीत झाले मकर. अशी गंमत सापडली की शब्द पक्का बसतो. इंग्रजी 'मान्सून' आणि मराठी 'मोसमी वारे' हे दोन्ही अरबी 'मौसम'पासून आले, कारण अरबी खलाशी या वाऱ्यांच्या ऋतूवर आपल्या किनाऱ्याला गलबते आणत असत.

आता विषयाकडे. भूगोल घरातच सुरू होतो, असे आम्ही म्हणतो तेव्हा पालकांना तो शिक्षकी उपदेश वाटतो. म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे रमजानचे वेळापत्रकच घ्या. नागपूरच्या नातेवाइकांचा रोजा मुंबईच्या आधी सुटतो. का? पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. मुंबई साधारण ७३ अंश पूर्व रेखांशावर, नागपूर ७९ वर. सहा अंशांचे झाले २४ मिनिटे. ऋतूप्रमाणे थोडा फरक पडतो, पण हिशेब हाच. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांशावरून ठरते. तिला ४ ने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजे ग्रिनीचच्या पुढे साडेपाच तास. मुंबईत जवालची वेळ घड्याळात बारा वाजता न येता वर्षभर बारा-चाळीसच्या मागेपुढे का येते, तेही यातच आले. मुंबई त्या रेखांशाच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला आहे, तिथे सूर्य माथ्यावर यायला तेवढा उशीर होतो. रेखांश आणि वेळ यांवरचे प्रश्न परीक्षेत पुन्हा पुन्हा येतात. ज्या मुलाने सहरी-इफ्तारच्या तक्त्यावर हे एकदा करून पाहिले, त्याला सूत्र पाठ करावे लागत नाही.

तसाच किब्ला. २८ मे आणि १६ जुलैच्या सुमारास सूर्य काबागृहाच्या बरोबर माथ्यावर येतो. आपल्या घड्याळात तेव्हा दुपारचे अनुक्रमे २ वाजून ४८ मिनिटे आणि २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी सूर्याकडे तोंड केले की किब्ल्याची दिशा मिळते. हे वर्षातून दोनदा का घडते? कारण मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. विषुववृत्तापासून कर्कवृत्तापर्यंत जाताना सूर्य एकदा त्या माथ्यावरून जातो आणि परतताना दुसऱ्यांदा. महाराष्ट्रही सगळाच्या सगळा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने आपल्याकडेही 'शून्य सावलीचे' दोन दिवस येतात. दिल्लीत मात्र एकही येत नाही.

याच्या पुढचा प्रश्न आम्हाला फार आवडतो. मक्का २१ अंश उत्तरेच्या थोडे वर आहे, नागपूरही तसेच. अक्षांश जवळजवळ एकच. मग एकीकडे उघडे डोंगर आणि वाळू, आणि दुसरीकडे सागवानाचे जंगल, हे कसे? नागपुरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मक्केत त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. उन्हाळ्यात भारतीय उपखंड तापतो, हवेचा दाब कमी होतो आणि समुद्रावरचे बाष्प घेऊन वारे जमिनीकडे ओढले जातात. अरबस्तानावर येणारी हवा बहुतेक जमिनीवरूनच येते, आणि तिथे ती वरून खाली उतरणारी असते. खाली उतरताना हवा तापते आणि कोरडी होते. "फक्त अक्षांशावरून हवामान ठरते" असे विधान देऊन चूक की बरोबर विचारले, तर हे उदाहरण आठवले तरी पुरे.

एवढे समजले की महाराष्ट्राचा निम्मा भूगोल हाती येतो. नैर्ऋत्येकडून आलेले वारे सह्याद्रीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर रिकामे होतात. पलीकडे उरतो पर्जन्यछायेचा प्रदेश. यासाठी दूर जायला नको. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. कोकणात भात, माणमध्ये बाजरी आणि मेंढपाळ. पाऊस, माती, पीक, धंदा ही एकच साखळी आहे. गाईड मात्र तिची चार प्रकरणे करते आणि मुले ती चार वेळा पाठ करतात.

नद्यांचेही तसेच. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर, तरी ती उलट दिशेला १,४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, कारण दख्खनचे पठार पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते आहे. आता त्याच नाशिक जिल्ह्यातले मालेगाव पाहा. ते मोसम नदीवर वसले आहे. मोसम गिरणेला मिळते, गिरणा तापीला, आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला. एका जिल्ह्याचे पाणी दोन समुद्रांना जाते, मध्ये सातमाळा-अजिंठ्याची रांग जलविभाजक म्हणून उभी आहे. तापी पश्चिमेकडे का वाहते? कारण ती सातपुडा आणि या रांगेच्या मधल्या खचदरीतून वाहते. हे वाचत बसू नका, कोऱ्या कागदावर काढा. आमच्या वर्गात आम्ही महाराष्ट्राची बाह्यरेषा देतो आणि नकाशा न पाहता नद्या भरायला लावतो. पहिल्या आठवड्यात भीमा समुद्राला मिळते, तिसऱ्या आठवड्यात ती रायचूरजवळ कृष्णेला मिळू लागते.

काळ्या मातीवर लिहायचे तर पाने पुरणार नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा बेसॉल्ट झिजून ती झाली, ओल धरून ठेवते, म्हणून कापूस, एवढे लक्षात असू द्या. त्याच बेसॉल्टमध्ये उल्का आदळून बुलढाणा जिल्ह्यातले लोणार सरोवर झाले.

लोणारवरून पर्यावरणाकडे येऊ. हा भाग पुष्कळ जणांना जिभेवर न बसणाऱ्या नावांची यादी वाटतो. रामसर हे नाव विचारले की मुले करारापर्यंत जातात, गावापर्यंत जात नाहीत. रामसर हे इराणमधले कॅस्पियन समुद्राकाठचे शहर. २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार तिथे झाला, म्हणून २ फेब्रुवारी हा जागतिक पाणथळ दिन. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ नांदूर मध्यमेश्वर (२०२०), त्याच वर्षी लोणार, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी. परीक्षकाला 'पहिले' हा शब्द फार प्रिय. लोणार जास्त प्रसिद्ध असल्याने मुले हमखास तिकडे घसरतात.

दुसरा सापळा 'सहा'चा. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आणि व्याघ्र प्रकल्पही सहा, पण दोन याद्या एक नाहीत. ताडोबा दोन्हीकडे आहे. बोरिवलीचे संजय गांधी उद्यान राष्ट्रीय उद्यान आहे, व्याघ्र प्रकल्प नाही. बोर हा व्याघ्र प्रकल्प आहे, राष्ट्रीय उद्यान नाही. चांदोली राष्ट्रीय उद्यान सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येते, गुगामल मेळघाटात. दोन वर्तुळे काढून नावे भरली की दहा मिनिटांत काम होते.

कोकणातल्या वाचकांना तर यातले पुष्कळ आधीच ठाऊक आहे. तिवरांची झाडे तोडली की भरतीचे पाणी बांध फोडते आणि माशांची पिल्ले वाढायला जागा राहत नाही, हे खाडीकाठच्या कोणत्याही नानीला विचारा. परीक्षेच्या भाषेत त्याला खारफुटी परिसंस्था म्हणतात. पांढरी चिप्पी हे राज्याचे खारफुटी वृक्षाचे मानचिन्ह आहे आणि आपल्या ताटातला पापलेट २०२३ पासून राज्यमासा.

आता खर्चाची गोष्ट. पैसे वाचवायचे म्हणून मोठ्या भावाचे किंवा रद्दीतले जुने गाईड वापरले जाते. इतिहासाला ते चालून जाईल, भूगोलाला नाही. भारताची किनारपट्टी जुन्या पुस्तकांत ७,५१६ किलोमीटर आहे, नव्या मोजणीत ती ११,०९८ झाली. महाराष्ट्राची शालेय पुस्तकातली ७२० आता ८७७ च्या वर गेली. जमीन वाढलेली नाही, मोजण्याची पट्टी बारीक झाली. जाड दोरा किनाऱ्यावर ठेवला तर खाड्यांचे कोपरे सुटतात, बारीक दोरा प्रत्येक वळणात शिरतो. कोकणात खाड्या किती, हे सांगायला नकोच. जिल्ह्यांच्या नावांचेही तसेच. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावे प्रश्नपत्रिकेत येतात. घरात कोण कोणते नाव घेते हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण धाराशिव म्हणजे कुठला जिल्हा हे न कळल्याने बालाघाटच्या डोंगरांवरचा प्रश्न चुकलेला आम्ही पाहिला आहे.

अम्मींसाठी एक काम आहे आणि त्याला शिक्षण लागत नाही. ती दोन रकान्यांची वही हातात घ्यायची, उर्दू शब्द वाचायचा आणि मुलाकडून मराठी शब्द घ्यायचा. पोळ्या लाटतानाही हे होते. वर सांगितलेल्या मुलीच्या वहीत वर्षभरात चारशेच्या पुढे शब्द झाले आणि धाकट्या दोन भावांचे ते आपोआप पाठ झाले. तिची परीक्षा झाली आहे, निकाल यायचा आहे. यावेळी भूगोलाचा एकच प्रश्न तिने कोरा सोडला, असे तिने सांगितले.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी आयोगाच्या संकेतस्थळावरून मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि अंतिम उत्तरतालिका उतरवून घ्याव्यात, त्या मोफत मिळतात. सोबत एक मराठी ॲटलास घ्यावा आणि त्यात उर्दू नावे पेन्सिलीने लिहावीत. पेनाने नको. दोन महिन्यांनी ती खोडून टाकायची असतात.