धावपटूंना चंद्रपूर मानवेल काय?

लांब पल्ल्याच्या धावपटूला चंद्रपूर-गडचिरोलीचा प्रदेश मानवेल काय? उंचावरील विरळ हवेत राहिल्याने रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. पण चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंच, तो लाभ येथे नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. मात्र १० ते १४ दिवस बेताबेताने सराव केल्यास घाम लवकर सुटू लागतो, रक्तद्रव वाढतो, शरीर उन्हाला सरावते. जोरात धावताना विश्रांतीच्या दहापटीहून अधिक हवा छातीत जाते. म्हणून कोळसाखाणींच्या धुळीपेक्षा गडचिरोलीचे रान बरे. उंची तर उसनी घेता येते! २०१८ साली चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी हिमालयात सराव करून एव्हरेस्टवर पोहोचले. उन्हाळी सराव मात्र शिक्षकांनी पहाटेच घ्यावा; उष्माघात जिवावर बेततो.